बेघर, घरकुल आणि कोपी : शासकीय साहाय्य व वारणाकाठचा ऊसतोड मजूर

कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील काही गावांत 'बेघर वसाहत' या नावाची वस्ती आढळते. भूमिहीनांना घरासाठी जागा देण्याचे जे शासकीय कार्यक्रम पूर्वी झाले त्यांतून या वसाहती निर्माण झाल्या. तेथील कुटुंबांना जागा मिळाली, भिंती उभ्या राहिल्या, पुढे वीज आली, नळ आला, आणि दुसरी-तिसरी पिढी त्याच घरांतून वाढली. वस्तीचे नाव मात्र पालटले नाही. स्वतःच्या पक्क्या घरात राहणारा मनुष्य आपला पत्ता 'बेघर वसाहत' असा सांगतो, आणि त्यात कोणास काही विपरीत वाटत नाही.

याच गावांच्या शिवारांत दिवाळीच्या सुमारास दुसरी एक वस्ती उठते. बांबूच्या कमानी, त्यांवर ताडपत्री किंवा चटई, तळाशी पाचटाचा थर आणि पुढे तीन दगडांची चूल, असे तिचे स्वरूप असते. गळीत हंगाम संपला, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या भाषेत पट्टा पडला, की ती नाहीशी होते. या वस्तीस बेघर म्हणण्याचा प्रघात नाही. तिच्यातील कुटुंबांना घर आहे. मात्र ते सुमारे तीनशे किलोमीटर दूर, बीड जिल्ह्यातील एखाद्या गावी कुलूपबंद आहे, किंवा त्यात म्हातारी माणसे राहिलेली आहेत. वर्षातील पाच-सहा महिने ज्यांना भिंत, दार, नळ व शौचकूप यांपैकी काहीही लाभत नाही, त्यांना बेघरांसाठीच्या शासकीय साहाय्यातील कोणती योजना लागू पडते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. योजनांची संख्या कमी नाही. परंतु त्या एकेक करून तपासल्या असता असे दिसून येते की, साहाय्य माणसास मिळत नसून त्याच्या पत्त्यास मिळते, आणि पत्ता व मनुष्य हे दोन निरनिराळ्या ठिकाणी असले म्हणजे साहाय्य पत्त्यापाशीच थांबते.

पन्हाळा तालुक्यातील कोडोलीलगतचे वारणानगर या विचारासाठी सोयीचे स्थळ होय. तात्यासाहेब कोरे यांच्या पुढाकाराने 1950 च्या दशकात येथे सहकारी साखर कारखान्याची उभारणी सुरू झाली आणि त्याभोवती दूध संघ, ग्राहक भांडार, शाळा-महाविद्यालये असा सहकाराचा मोठा संसार उभा राहिला. माळावर नवे गाव वसविणे म्हणजे काय, याचा हा ठळक दाखला आहे. कोल्हापूर व सांगली या दोन जिल्ह्यांची सीमा आखीत वाहणाऱ्या वारणेच्या दोन्ही तीरांवर ऊस आहे. हा ऊस तोडण्यास स्थानिक टोळ्या असतात, अलीकडे यंत्रेही आली आहेत. तरीही मराठवाड्यातून, विशेषतः बीड जिल्ह्यातून, आणि कर्नाटकातील विजयपूर भागातून येणाऱ्या टोळ्यांवाचून या पट्ट्यातील हंगाम पार पडत नाही. पुढे जे विवेचन आहे ते कोणा एका कारखान्याविषयी नसून, ऊस पिकविणाऱ्या साऱ्या पट्ट्यातील व्यवस्थेविषयी आहे.

या टोळ्यांची बांधणी ध्यानात घेतल्याखेरीज पुढील मुद्दा नीट कळणार नाही. मजुरांची गणना माणशी होत नाही, कोयत्यावर होते. पती व पत्नी मिळून एक कोयता. एकटा मनुष्य असल्यास अर्धा. पावसाळ्यात, घरातील धान्य संपत आले असता, मुकादमाकडून उचल घेतली जाते आणि ती फेडण्यासाठी हंगामात जावयाचे असते. कारखान्याचा करार मुकादमाशी किंवा ऊस वाहणाऱ्या वाहतूकदाराशी होतो. मजूर हा मुकादमाचा. त्यामुळे मजुराच्या निवासाची जबाबदारी कोणाची, या प्रश्नाचे उत्तर करारातच संदिग्ध राहते. बैलगाडी किंवा टायरगाडी घेऊन येणारी कुटुंबे कारखान्यालगत मोठ्या तळावर उतरतात व हंगामभर तेथेच राहतात. ट्रॅक्टर वा ट्रक यांवर ऊस भरणाऱ्या टोळ्या मात्र फडामागून फड करीत गावोगाव सरकतात, आणि त्यांच्या कोप्याही त्यांच्याबरोबर सरकतात. पहाटे चारच्या सुमारास फडात जावयाचे, दिवसभर तोडावयाचे, मोळ्या बांधून डोक्यावरून वाहनापर्यंत न्यावयाच्या. वाहन रात्री आले तर रात्री भरावयाचे. उसाचे वाढे विकून रोजच्या मीठमिरचीचा खर्च निघतो. पाणी शेतकऱ्याच्या विहिरीचे किंवा कालव्याचे. स्नान अंधारात, आडोसा साडीचा.

शेवटच्या गोष्टीचा परिणाम किती दूरवर जातो याची कल्पना 2019 मध्ये आली. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय-शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी राज्य शासनाने नेमलेल्या समितीपुढे जी पाहणी आली तीत 82,309 स्त्रियांपैकी 13,861 स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. यास अनेक कारणे आहेत. खाजगी वैद्यकीय व्यवसायाचे वर्तन हे त्यांपैकी एक, आणि खाडा पडल्यास द्यावा लागणारा दंड हे दुसरे. परंतु पाणी व आडोसा नसलेल्या ठिकाणी सहा महिने राहून अंगमेहनतीचे काम करणे, हे कारण त्या साऱ्यांच्या मुळाशी आहे. निवाऱ्याचा प्रश्न हा डोक्यावरच्या छपरापुरता नसतो, हे यावरून स्पष्ट व्हावे.

आता व्याख्येकडे वळू. भारतीय जनगणनेच्या परिभाषेत जे कुटुंब इमारतीत किंवा गणना-घरात राहत नाही, तर रस्त्याच्या कडेस, पदपथावर, मोठ्या नळांत, पुलाखाली, जिन्याखाली, मंदिराच्या मंडपात किंवा रेल्वे फलाटावर उघड्यावर राहते, ते बेघर. अशा कुटुंबांची मोजणी 28 फेब्रुवारी 2011 च्या रात्री करण्यात आली. देशात सुमारे 17 लाख 73 हजार माणसे बेघर आढळली. त्यांतील सुमारे 9 लाख 38 हजार नागरी भागांत आणि 8 लाख 35 हजार ग्रामीण भागांत. महाराष्ट्राचा आकडा सुमारे 2 लाख 11 हजार होता आणि उत्तर प्रदेशाच्या खालोखाल तो देशात दुसरा होता. 2001 साली देशाचा आकडा 19 लाख 43 हजार होता, म्हणजे दहा वर्षांत बेघरांची संख्या घटली. मात्र त्याच काळात नागरी बेघरांची संख्या वाढली, हे विसरता येत नाही.

या आकड्यांत कोपी कोठे बसते? जनगणनेच्या सूचनांत 'इमारत' म्हणजे सामान्यतः चार भिंती व छप्पर असलेले बांधकाम. परंतु काही प्रदेशांत घराची रचनाच अशी असते की त्यास भिंत नसते, शंकूच्या आकाराचे छप्पर जवळजवळ भूमीस टेकलेले असते व आत शिरण्यास वाट असते; अशा रचनेसही इमारत मानावे, असे या सूचना सांगतात. आदिवासी व डोंगराळ भागांतील घरे गणनेतून सुटू नयेत, या हेतूने केलेली ही तरतूद योग्यच आहे. परंतु कोपीचे वर्णन करावयाचे झाल्यास याहून अचूक शब्द सापडणार नाहीत. तिला भिंत नसते, छप्पर भूमीस टेकलेले असते, आत शिरण्यास वाट असते. म्हणजे सूचनेच्या शब्दांप्रमाणे कोपी हे घर ठरते व तिच्यातील माणसे बेघर ठरत नाहीत. प्रगणकाने कोपीस घर मानले नाही, तर तीच माणसे बेघर ठरतात. राज्यात ऊसतोड मजूर किती याविषयीचे अंदाज आठ लाखांपासून पंधरा लाखांपर्यंत पसरलेले आहेत. यातील सर्वांत लहान आकडा घेतला तरी तो राज्याच्या अधिकृत बेघरांच्या जवळजवळ चौपट भरतो. प्रगणकाच्या एका निर्णयावर किती मोठी गोष्ट अवलंबून आहे, हे यावरून दिसेल.

बेघरांसाठीचे शासकीय साहाय्य दोन मार्गांनी येते: शहरात निवारा आणि खेड्यात घरकुल. त्यांपैकी पहिल्याचा परामर्श थोडक्यात घेणे पुरेसे आहे. शहरी बेघरांकडे पाहण्याची शासनाची जुनी दृष्टी दंडविधानाची होती. मुंबई भीक प्रतिबंधक अधिनियम, 1959 याच्या व्याख्येत, उपजीविकेचे दृश्य साधन नसताना, भिक्षेवर जगत असावा असे वाटण्याजोग्या स्थितीत सार्वजनिक जागी वावरणाराही भिक्षेकरी ठरतो, आणि पहिल्या वेळीही त्यास एक ते तीन वर्षे स्थानबद्ध ठेवता येते. या अधिनियमाच्या अनेक तरतुदी दिल्लीपुरत्या तेथील उच्च न्यायालयाने 2018 मध्ये रद्द केल्या. मुंबईतील पदपथवासीयांना हुसकावून त्यांच्या मूळ गावी पाठविण्याच्या 1981 च्या निर्णयातून ओल्गा टेलिस खटला उद्भवला. 1985 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे मान्य केले. पदपथावर राहण्याचा हक्क मात्र मान्य केला नाही, केवळ पावसाळा संपेपर्यंत मुदत दिली. पर्यायी जागेचा लाभ ज्यांची नावे 1976 च्या गणनेत होती त्यांना. येथेही लाभ नोंदीशी बांधलेला आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे. अन्नाच्या अधिकारासंबंधीच्या 2001 मधील याचिकेत पुढे 2010 पासून न्यायालयाने निवाऱ्यांबाबत आदेश दिले, आणि 2013 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात दर एक लाख नागरी लोकसंख्येमागे शंभर माणसांसाठी बारमाही निवारा, दर माणशी किमान 50 चौरस फूट जागा, असे प्रमाण ठरले. या आदेशांमुळे निवारा ही दयेची बाब न राहता प्रशासकीय कर्तव्याची बाब झाली, हे मान्य केले पाहिजे.

परंतु 'नागरी' हा शब्द येथे निर्णायक ठरतो. वारणानगर दिसावयास नगर, परंतु प्रशासनाच्या दृष्टीने ग्रामीण. तेथे नगरपरिषद नाही. म्हणून निवाऱ्याचे प्रमाण तेथे लागू होत नाही. 2020 मध्ये स्थलांतरितांसाठी भाड्याच्या घरांची जी केंद्रीय योजना जाहीर झाली तीही नागरी होती. कोल्हापूर शहरातील पुलाखाली निजलेला मनुष्य योजनेच्या कक्षेत येतो. पंचवीस-तीस किलोमीटरांवरील उसाच्या फडात निजलेला येत नाही. ग्रामीण भागात बेघर असलाच तर तो त्याच गावचा असणार आणि त्यास घरकुल दिले की प्रश्न सुटेल, हे गृहीत या विभागणीच्या मुळाशी आहे.

घरकुलाची कल्पना खोटी नाही. 1985 पासूनच्या इंदिरा आवास योजनेची जागा 2016 मध्ये प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण शाखेने घेतली. सपाट प्रदेशात 1 लाख 20 हजार व डोंगराळ प्रदेशात 1 लाख 30 हजार रुपये, किमान 25 चौरस मीटर क्षेत्र, शौचकुपासाठी 12 हजार रुपये, आणि रोजगार हमीतून 90 ते 95 दिवसांची मजुरी, अशी मूळ रचना होती. निवड 2011 च्या सामाजिक-आर्थिक गणनेवरून. ज्यांना मुळीच निवारा नाही, जे भिक्षेवर जगतात, जे वेठबिगारीतून मुक्त झाले, त्यांना यादीत आपोआप स्थान. महाराष्ट्राने याखेरीज आपल्या योजना जोडल्या: अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी रमाई आवास, अनुसूचित जमातींसाठी शबरी आवास, इतर मागासवर्गीयांसाठी 2023 पासून मोदी आवास, आणि विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना. या शेवटच्या योजनेत प्रत्येक कुटुंबास पाच गुंठे जागा व 269 चौरस फुटांचे घर देण्याची मूळ कल्पना होती. ऊसतोड मजुरांत वंजारी व बंजारा समाजांची संख्या मोठी असल्याने ती त्यांच्याशी थेट संबद्ध आहे. ज्यास जागाच नाही त्यास ती विकत घेण्यासाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाची अर्थसाहाय्य योजना आहे. 500 चौरस फुटांपर्यंतच्या जागेसाठी आरंभी 50 हजार रुपयांपर्यंत साहाय्य मिळे.

असो. इतक्या योजनांचा लाभ ऊसतोड मजुरास त्याच्या मूळ गावी मिळू शकतो आणि अनेकांस मिळालाही आहे. अडचण वेळापत्रकाची आहे. घरकुलाचे अनुदान हप्त्यांनी मिळते. पाया झाला, भिंती लिंटेलपर्यंत आल्या, छप्पर पडले, अशा प्रत्येक टप्प्यावर अभियंत्याने जागेवर येऊन छायाचित्र घ्यावे व मग पुढील हप्ता लाभार्थीच्या खात्यात जमा व्हावा, अशी रीत आहे. बांधकामास योग्य काळ म्हणजे कोरडे महिने, आणि नेमक्या त्याच महिन्यांत हे कुटुंब वारणेकाठी कोयता चालवीत असते. ते गावी परतते तेव्हा वळवाचे ढग जमू लागलेले असतात. वीट, वाळू व गवंडी यांचा मेळ बसेपर्यंत पाऊस येतो, आणि पावसात उचल घेण्याची वेळ पुन्हा येते. अनुदान अपुरे पडल्यास वरची रक्कम कोठून आणावयाची? मुकादमाकडून. म्हणजे घर पुरे करण्यासाठी घेतलेली उचल फेडण्यासाठी त्याच घराला कुलूप लावून कोपीत यावयाचे. या व्यवस्थेतील हा सर्वांत विपरीत भाग होय, आणि कोणत्याही एका योजनेचा तो दोष नव्हे.

नोंदणीचेही तसेच. यादीत ज्यांची नावे राहिली त्यांच्यासाठीचे नवे सर्वेक्षण 2025 च्या पहिल्या महिन्यांत, म्हणजे ऐन गाळपात झाले. भ्रमणध्वनीवरून स्वतः नोंद करण्याची सोय ठेवलेली होती. परंतु नोंद घराच्या जागेवरून व छायाचित्रासह करावयाची. जागेच्या पुराव्यास ग्रामपंचायतीच्या नमुना क्रमांक 8 चा उतारा लागतो. हा नमुना म्हणजे घरपट्टी आकारणीची नोंदवही. वारणाकाठच्या ग्रामपंचायतीच्या नमुना 8 मध्ये कोपी नसते, आणि असण्याचे कारणही नाही, कारण तिच्यावर घरपट्टी बसत नाही. मूळ गावच्या नमुना 8 मध्ये घर असते, पण सर्वेक्षकापुढे उभे राहण्यास मनुष्य नसतो.

याच नदीचे दोन दाखले या संदर्भात उद्बोधक आहेत. वारणेच्या वरच्या अंगास चांदोली येथे धरण झाले व तेथील गावे उठली. त्या विस्थापितांचे हाल थोडे झाले नाहीत, आणि पुनर्वसनाची भांडणे दीर्घकाळ चालली. तरीही प्रकल्पग्रस्तांसाठी महाराष्ट्राने 1976 मध्ये पुनर्वसनाचा कायदा केला होता आणि विस्थापितास नवे गावठाण द्यावयाचे, हे तत्त्व त्यात होते. 2019 व 2021 च्या महापुरांत कोल्हापूर-सांगलीतील हजारो कुटुंबे घराबाहेर पडली, तेव्हा शाळा, मंगल कार्यालये व धर्मशाळा रातोरात उघडल्या गेल्या आणि अनुदान घर क्रमांकानुसार वाटले गेले. पत्ता बुडाला तर शासन जागे होते. पत्ता उठला तर दुसरा द्यावा लागतो. पत्ता सुखरूप असून मनुष्य दुसरीकडे उघड्यावर आहे, या स्थितीसाठी मात्र स्वतंत्र कोष्टक नाही.

मग कामाच्या ठिकाणी निवारा देण्याचे बंधन मालकावर नाही काय? येथे कायद्याने एक विलक्षण भेद निर्माण केला होता. आंतरराज्य स्थलांतरित कामगार अधिनियम, 1979 याप्रमाणे कंत्राटदाराने दुसऱ्या राज्यातून आणलेल्या कामगारांस योग्य निवास पुरविणे बंधनकारक होते, आणि कंत्राटदाराने ते न केल्यास ती जबाबदारी मूळ मालकावर येत असे. हे बंधन राज्याची सीमा ओलांडणाऱ्यांपुरते होते. विजयपूरहून वारणेकाठी येणारा मजूर सीमा ओलांडतो. बीडहून येणारा त्याहून लांबचा प्रवास करूनही ओलांडीत नाही. एकाच तळावर शेजारी-शेजारी उभ्या असलेल्या दोन कोप्यांपैकी एकीतील माणसांना कायद्याने निवासाचा हक्क आणि दुसरीतील माणसांना नाही, असा त्याचा अर्थ होतो. प्रत्यक्षात पहिल्यासही तो क्वचितच मिळाला, हा भाग वेगळा. हा अधिनियम आता 2020 च्या व्यवसाय सुरक्षा, आरोग्य व कार्यपरिस्थिती संहितेत विलीन झाला असून ती संहिता नोव्हेंबर 2025 पासून अमलात आली आहे. तीतील व्याख्याही आंतरराज्य स्थलांतरिताचीच आहे. राज्यांतर्गत स्थलांतरित तीतही नाही.

अशा साहाय्याचा जुना इतिहास इंग्लंडात सापडतो. तेथील 1601 च्या दारिद्र्य-कायद्याने गरिबांना पोसण्याचा भार प्रत्येक धर्मग्रामावर टाकला, आणि 1662 च्या वस्तीविषयक कायद्याने असे ठरविले की मनुष्य ज्या ग्रामाचा ठरेल तेथेच त्यास साहाय्य मिळेल. दुसऱ्या ग्रामात तो भारभूत होण्याचा संभव दिसल्यास त्यास परत पाठविता येईल. हंगामी कापणीकरांना मात्र गावचा दाखला जवळ बाळगून कामापुरते बाहेर राहण्याची मुभा होती, कारण त्यांच्यावाचून पीक निघत नसे. 1977 च्या बेघरविषयक कायद्यानेही 'स्थानिक संबंध' ही कसोटी ठेवली. परंतु ज्याचा कोठेच संबंध नाही त्याची जबाबदारी तो जेथे अर्ज करील त्या नगरपालिकेवर टाकली. साहाय्य गावाकडून माणसाकडे सरकण्यास तेथे तीन शतके लागली.

महाराष्ट्रात हा बदल एकदा तीन आठवड्यांत झाला. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागू झाली तेव्हा हंगाम संपत आलेला होता आणि मजूर परतीच्या तयारीत होते. वाटा बंद झाल्या. शासनाने कारखान्यांना मजुरांच्या निवाऱ्याची व अन्नाची सोय करण्यास सांगितले. 17 एप्रिल रोजी परतीची अनुमती देणारा आदेश निघाला तेव्हा 38 कारखान्यांच्या तात्पुरत्या निवाऱ्यांत सुमारे 1 लाख 31 हजार मजूर असल्याचे शासनानेच सांगितले. त्यांची वैद्यकीय तपासणी करणे व गावनिहाय याद्या तयार करणे ही कामे कारखान्यांकडे सोपविण्यात आली. कोणता मजूर कोणत्या तळावर आहे, हे शोधणे अशक्य असल्याचे जे नेहमी सांगितले जाते, त्याचे उत्तर या आदेशात आहे. तो शोध त्या वसंतात लागला, कारण रोगाच्या भयाने तो लावणे भाग पडले.

पत्त्यापासून साहाय्य सुटू शकते याची शांत काळातील उदाहरणेही आहेत. शिधापत्रिका कोणत्याही दुकानात चालावी, ही व्यवस्था महाराष्ट्र व गुजरात यांच्या दरम्यान ऑगस्ट 2019 मध्ये सुरू झाली आणि 2022 पर्यंत देशभर पसरली. तीत कुटुंबाच्या वाट्याचे काही धान्य एका गावी व उरलेले दुसऱ्या गावी घेता येते. म्हणजे म्हातारी माणसे बीडला व तरुण माणसे वारणेकाठी, या विभागलेल्या संसारास ती जुळते. फड दुकानापासून दूर असतो व दुकान उघडे असते तेव्हा मजूर फडात असतो, ही अडचण शिल्लक आहे, परंतु ती तत्त्वाची नव्हे. मतदारनोंदणीचे उदाहरण याहून बोलके आहे. बेघर मनुष्याने पत्त्याचा पुरावा देण्याची आवश्यकता नाही. केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने रात्री, आणि एकाहून अधिक रात्री, तेथे जाऊन तो खरोखर तेथे निजतो की नाही हे पाहावयाचे असते. निजण्याची जागा हाच पत्ता, असे शासनाने येथे मान्य केले आहे. मतासाठी जे मान्य झाले ते पाण्याच्या नळासाठी का मान्य होऊ नये, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

मुलांच्या बाबतीत शासनाने निराळी वाट धरली. पूर्वी कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा चालत. आता भर आहे तो मुलांना गावीच ठेवण्यावर: हंगामी वसतिगृहे, आणि 2021 मध्ये मंजूर झालेली संत भगवानबाबा यांच्या नावाची वसतिगृहे. 41 तालुक्यांत मुलांचे एक व मुलींचे एक, अशी एकूण 82, प्रत्येकी शंभर जागांची, अशी त्यांची योजना आहे. कोल्हापुरास वसतिगृहाचे महत्त्व सांगावयास नको. 1901 मधील व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासून राजर्षी शाहू छत्रपतींनी जातोजातींची वसतिगृहे उभी करून येथील शिक्षणाचा इतिहासच बदलला. शाहूंची वसतिगृहे मुले जेथे येत तेथे, म्हणजे राजधानीत होती. आताची मुले जेथून निघतात तेथे आहेत. कोपीत जन्मलेले तान्हे व दोन-तीन वर्षांचे मूल या दोहोंतही बसत नाही. ते आईबरोबर फडातच असते.

या साऱ्यात एक संस्था अशी आहे की जिची रचना पत्त्याच्या पलीकडे जाऊ शकेल. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ स्थापन झाले तेव्हा त्याच्या निधीसाठी कारखान्यांनी गाळलेल्या उसावर टनामागे 10 रुपये द्यावेत व तितकीच रक्कम शासनाने घालावी, असे ठरले. दहा लाख टन गाळप करणाऱ्या कारखान्यामागे हा हिशेब एक कोटीचा होतो आणि शासनाच्या वाट्यासह दोन कोटींचा. येथे पैसा उसाच्या वजनावर, म्हणजे जेथे मजूर राबतो तेथे गोळा होतो. परंतु मजुराची नोंदणी व ओळखपत्र ही कामे मूळ गावच्या ग्रामसेवकाकडे सोपविली गेली. निधी वारणेकाठी जमतो व हक्क बीडकडे नोंदला जातो. यांची गाठ घालण्याचे काम अजून व्हावयाचे आहे. टनामागे जमा झालेल्या रकमेचा एक निश्चित भाग त्याच कारखान्याच्या क्षेत्रातील तळांवर खर्च करावा, असे ठरल्यास फार मोठ्या बांधकामाची गरज पडणार नाही. उंचवट्याची जागा, पाण्याची टाकी, स्त्रियांसाठी बंदिस्त न्हाणीघर व शौचकूप, दिवा, आणि एक पाळणाघर, इतके बारमाही उभे राहिले तरी कोपी कोणत्याही बांबूची असली तरी चालेल. केरळ शासनाने पालक्काड जिल्ह्यातील कांजिकोड येथे स्थलांतरित कामगारांसाठी 'अपना घर' हे सुमारे 620 खाटांचे वसतिगृह 2019 मध्ये उघडले. परंतु ते कारखान्यात एका जागी काम करणाऱ्यांसाठी आहे. बैल, वाढे व तान्हे मूल घेऊन येणाऱ्या कुटुंबास खाट उपयोगाची नाही, तळच उपयोगाचा. सरकत्या टोळ्यांसाठी तर पाण्याची टाकी व शौचकूपही चाकांवर असावे लागतील.

याआधी प्रश्न उरतो तो मोजणीचा. 2011 च्या जनगणनेत घरांची यादी 2010 च्या एप्रिल ते सप्टेंबर या काळात झाली आणि माणसांची गणना पुढील फेब्रुवारीत. नव्या जनगणनेसाठीही तोच क्रम ठरलेला आहे: घरयादी एप्रिल ते सप्टेंबर 2026 या दरम्यान, लोकगणना फेब्रुवारी 2027 मध्ये, संदर्भदिनांक 1 मार्च. पहिल्या फेरीच्या महिन्यांत वारणेकाठी एकही कोपी उभी नसते आणि बीडकडील घरे भरलेली असतात. दुसऱ्या फेरीत बीडकडील घरांना कुलूप असते आणि येथील शिवारांत, यादीत नसलेल्या, शेकडो कोप्या असतात. यादीत नसलेले घर नव्याने नोंदण्याचा अधिकार प्रगणकास असतो. कोपीस घर न मानता तिच्यातील माणसांची गणना अखेरच्या रात्री बेघरांत करण्याचाही असतो. तिसरी शक्यता अशी की तो दिवसा येईल, तळावर म्हातारा बैल व एखादे मूल यांखेरीज कोणी नसेल, आणि तो पुढे जाईल. या पट्ट्यातील महाविद्यालयांच्या समाजशास्त्र व अर्थशास्त्र विभागांना प्रत्येक तळावरील कोप्यांची संख्या, पाण्याचे अंतर व शौचकुपांची स्थिती यांची स्वतंत्र नोंद डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात करता येईल. पहाटे चारच्या आधी किंवा वाहन भरून झाल्यावर रात्री गेले, तर माणसे भेटतात.